भोंग्यावर चालणारी चूल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या गिरणगावात एके काळी घड्याळाची फारशी गरज कुणाला पडत नसे. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा, कुठेही राहा, गिरणीचा भोंगा कानावर यायचाच. भोंग्याच्या आवाजावर घराबाहेर पडणारा, हातात डबा घेतलेला कामगार आपल्याला चांगला परिचयाचा आहे. नारायण सुर्व्यांसारख्या कवीनं त्याला मराठी कवितेत मानाची जागा मिळवून दिली. मला आज बोलायचं आहे ते त्या डब्याविषयी. म्हणजे खरं तर डबा भरणाऱ्या बाईविषयी. भोंगा व्हायच्या आधी दोन-तीन तास ती उठलेली असे. तिचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर नव्हतं. तिची खाणावळ होती, आणि ती खाणावळ म्हणजे तिचंच घर होतं. दहा बाय बाराच्या खोलीत तिची मुलं झोपलेली असायची आणि त्यांच्या उशापायथ्याशी तिचा धंदा सुरू व्हायचा.

हल्ली ‘घरून व्यवसाय करणाऱ्या आईनं वेळेचं नियोजन कसं करावं’ यावर व्याख्यानं होतात, पुस्तकं निघतात. वही करा, कामांची यादी लिहा, सकाळचा एक तास स्वतःसाठी ठेवा, असे सल्ले असतात. सल्ले वाईट नाहीत. पण ते वाचताना वाटतं, की हा प्रश्न जणू लॅपटॉपबरोबरच जन्माला आला. तो तसा नाही. मुंबईत तो निदान शंभर-सव्वाशे वर्षं जुना आहे, आणि त्याचा इतिहास कामगारांच्या इतिहासाला अगदी चिकटून चाललेला आहे.

कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. त्या काळात कामाचे तास सूर्य ठरवत असे. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याची सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सह्या गोळा करून मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. एप्रिल १८९० मध्ये त्यांनी भरवलेल्या सभेला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. जून १८९० मध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे कायद्यानं पुरुषांचे तास उतरत गेले. १९११ साली दिवसाला बारा, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, १९४६ साली नऊ. एकेक तास कमी व्हायला दहा-बारा वर्षं लागली आणि त्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली.

हे सगळं गिरणीच्या फाटकाच्या आत. फाटकाबाहेर काय?

रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून आलेला कामगार बहुधा एकटा असायचा. बायकोपोरं गावी. एका खोलीत दहा-वीस-तीस जण दाटीवाटीनं राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे. त्यांच्या पोटाची सोय खाणावळवालीकडे. महिन्याचे पैसे ठरलेले आणि दोन वेळचं जेवण. एकेकीकडे दहा-पंधरापासून पंचवीस-तीसपर्यंत जेवणारे असत. ती कोण असे? कुणाचा नवरा गिरणीतच पण तुटपुंज्या पगारावर, कुणाचा आजारी, कुणाचा व्यसनी, कुणी विधवा. काही जणी आधी स्वतः गिरणीत काम केलेल्या. कारण गिरणीत बायका पुष्कळ होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई असे, विशेषतः रीळ आणि कांडीच्या खात्यांत. नंतर नवी यंत्रं आली, पाळ्या वाढल्या. बायकांना रात्रपाळीला कायद्यानं मनाई होती. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला आणि मालकांना बाई कामगार महाग वाटू लागली. १९७०च्या दशकापर्यंत गिरणीतल्या बायका अगदी मोजक्या उरल्या.

इथे थांबून एक कटू गोष्ट सांगायला हवी. गिरणीत जाणाऱ्या आईच्या तान्ह्या मुलाचं काय व्हायचं? त्याला अफूची गोळी दिली जाई. तिला नाव मोठं गोजिरं होतं: बाळगोळी. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर बार्न्स नावाच्या स्त्री-डॉक्टरनं गिरणगावातल्या बाळंतिणींची पाहणी केली, तेव्हा ही सवय सर्रास असल्याचं नोंदवलं. त्या आयांना दोष देणं सोपं आहे. दहा-अकरा तास बाहेर असणाऱ्या बाईजवळ दुसरा इलाजच नव्हता. ‘घरात बसून चार पैसे मिळाले तर बरं, मूल तरी डोळ्यांसमोर राहील’ ही इच्छा कुठून आली, हे या गोळीवरून कळतं. घरचा धंदा बाईनं हौसेनं किंवा लाजेनं निवडला, असं आपण सहज बोलून जातो. मूल जागं आणि जवळ असावं, एवढाही तिचा हिशेब असू शकतो.

आता तिचा दिवस पाहू. गिरणीत तीन पाळ्या. पहिली सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. तिची जेवणारी माणसं या तिन्ही पाळ्यांत विखुरलेली. सातच्या पाळीवाल्याला जाण्याआधी चहा-भाकरी हवी आणि मधल्या सुट्टीत गिरणीवर डबा पोचायला हवा. दुसऱ्या पाळीवाला दुपारी घरी येऊन जेवणार. पहिल्या पाळीवाला सुटून आला की त्याला रात्रीचं जेवण. दुसऱ्या पाळीवाला बारानंतर येणार, त्याचं ताट झाकून ठेवायचं, काही जणी तर गरम करून वाढायला उठायच्या. म्हणजे गिरणीतला प्रत्येक माणूस एकाच पाळीत काम करी, आणि ही बाई तिन्ही पाळ्या करी. शिवाय पाळ्या बदलत. आज सकाळी जेवणारा पुढच्या पाळीला रात्री जेवणार. कुणाची कोणती पाळी, कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा उपास, कुणाचा डबा कुठल्या खात्यात, कुणाचे पैसे राहिले, हे सगळं तिच्या डोक्यात. बहुतेकींना लिहितावाचता येत नसे.

आणि या वेळापत्रकात तिच्या हातात नसलेल्या गोष्टी किती! चाळीचा नळ ठरावीक वेळीच येणार. तेव्हा तीस माणसांचं पाणी भरायचं. रेशनच्या रांगेला वेळ, रॉकेलच्या रांगेला वेळ, दळणाला वेळ. मसाला पाट्यावर वाटायचा. पोळ्या-भाकऱ्या एकाच स्टोव्हवर, त्यामुळे घाई करायची म्हटली तरी तवा एकच. रविवारची सुट्टी लोखंड्यांनी कामगाराला मिळवून दिली, पण सुट्टीच्या दिवशीही माणूस जेवतोच. उलट त्या दिवशी जरा बरं जेवण हवं असतं. १९४८चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागेला लागू होत असे, वीज नसेल तर वीस. एक बाई, एक स्टोव्ह आणि चार मुलं यांना तो कसा लागू व्हावा?

तिनं हे निभावलं कसं? तिचं कौतुक करून सुटका होत नाही. उत्तर असं आहे, की तिनं आपला वेळ पुरला नाही तेव्हा लेकीचा वेळ घेतला. मुलगा शाळेत जाताजाता डबे पोचवी. मुलगी मात्र घरात राही. कणीक भिजवायची, भांडी घासायची, धाकट्याला कडेवर घ्यायचं. खोलीत माणसांची पंगत बसली की मुलांनी पुस्तकं उचलून बाहेर गॅलरीत जायचं. शाळा सुटण्याची पाळी आधी कुणावर येई, हे सांगायला नको. आईच्या वेळेच्या नियोजनाचा हा खर्च कुठल्याच जमाखर्चात लिहिलेला नसतो, म्हणून मी तो इथे मुद्दाम सांगते आहे.

आमच्या घरी खाणावळ नव्हती, शिलाईचं मशीन होतं. अम्मी शेजारपाजारच्या बायकांचे कपडे शिवायची. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत सहेरीला उठलेली अम्मी पुन्हा आडवी होत नसे, कारण ईदचे कपडे चाँदरात्रीच्या आत द्यायचे असत, आणि दिवाळीआधी पुन्हा तेच. कपडे टाकायला येणाऱ्या बाया प्रेमळ होत्या, पण सगळ्यांचं एक वाक्य ठरलेलं: “भाभी, तुम्ही घरीच तर असता, आज एवढं करून टाका.” घरीच तर असता! बाजारातल्या शिंप्याला असं कुणी म्हणत नसे. त्याचं दुकान बंद व्हायचं. आमच्या घराला शटर नव्हतं. मी काज-बटणं करायला फार लवकर शिकले, ते आवडीनं नव्हे.

खाणावळवालीची ही अदृश्य मेहनत पहिल्यांदा नीट पाहिली ती प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताईंच्या लक्षात आलं, की संपाच्या काळात कामगार तगतो तो खाणावळवालीच्या उधारीवर. आणि ती स्वतः उभी असते किराणा दुकानदाराच्या आणि सावकाराच्या उधारीवर. पगार महिन्याला, पण पीठ-डाळ रोजची. मधल्या दिवसांसाठी घरातली भांडी, गळ्यातलं मंगळसूत्र गहाण जाई. १९७५ साली चौदा बायकांना घेऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. बँकेच्या दारात ‘तुमचा धंदा काय?’ या प्रश्नाला या बायकांनी उत्तर दिलं, ही मला त्या कर्जाइतकीच मोठी गोष्ट वाटते. तोवर त्यांना कुणी तसं विचारलंच नव्हतं. कर्जानं दिवसाचे तास वाढत नाहीत हे खरं. पण धान्य एकदम भरता आलं की रोजची दुकानाची फेरी वाचते, दुकानदारापुढे ताटकळणं वाचतं.

दुसरी वाट गिरगावात निघाली होती. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. तेच पुढचं लिज्जत. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. लिज्जतच्या यशाच्या कथा आपण ऐकतो, पण तिथली खरी हुशारी मला वेळेच्या वाटणीत दिसते. पीठ केंद्रावर मळलं जातं. बाई सकाळी ते घरी नेते, लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी पापड जमा करून मजुरी घेते. किती पीठ न्यायचं ते तिनं ठरवायचं. मूल तापानं फणफणलं असेल तर कमी न्यावं. पापड थांबू शकतो. भूक लागलेला माणूस थांबू शकत नाही. त्यामुळे खाणावळवालीला ही मोकळीक कधीच मिळाली नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. खाणावळी लगेच बंद पडल्या नाहीत, बायकांनी आधी उधारीवर वाढलं. मग जेवणारे एकेक करून गावाकडे गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, त्यामुळे ‘संप मिटल्यावर देतो’ या शब्दाला तारीख उरली नाही. कित्येकींचे पैसे बुडाले. भोंगे हळूहळू बंद झाले. कुणी पोळी-भाजी करून विकू लागली, कुणी घरकामाला लागली. अन्नपूर्णा मंडळानं ऑफिसांना जेवण पुरवण्याची कामं घेतली. पुढे वाशीला केंद्र उभं राहिलं आणि प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून जमवलेला इतिहास २००४ साली पुस्तकरूपानं आला.

आपल्या देशात लोकांचा वेळ मोजण्याचं काम सरकारनं फार उशिरा हाती घेतलं. सहा राज्यांत १९९८-९९ साली एक चाचणी झाली होती, संपूर्ण देशाची पहिली वेळ-वापर पाहणी २०१९ सालची आणि दुसरी २०२४ची. २०२४च्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्यांपैकी बाईचा दिवसाचा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला, पुरुषाचा ८८. पाच वर्षांपूर्वी हेच आकडे २९९ आणि ९७ होते. या पाहणीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडतात. विक्रीसाठीचं काम एका सदरात आणि घरच्यांसाठीचा स्वयंपाक दुसऱ्या सदरात जातो. खाणावळवालीच्या पातेल्यात मात्र डाळ एकच असायची. त्यातलीच जेवणाऱ्यांच्या ताटात जाई आणि उरलेली मुलांच्या. ती अर्धा तास कुठल्या सदरात घालायची?

पाहणीच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांची मोजणी पहाटे चार वाजता सुरू होते. सातच्या पाळीसाठी तिचा स्टोव्ह तोवर पेटलेला असे.