उमेदवारीची सनद

प्रतिनिधि लोकांनीं निवडावा, हें तत्त्व आतां कोणी नाकारीत नाहीं. परंतु ज्यांच्यांतून तो निवडावयाचा ते उमेदवार कोणीं ठरवावे, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. मतदार यंत्रासमोर उभा राहतो तेव्हां निवडीचें अर्धें काम दुसऱ्या कोणीं तरी उरकलेलें असतें. आणि उमेदवार विद्यमान खासदारच असला म्हणजे तर असें कांहीं काम झालें होतें हेंहि कोणाच्या लक्षांत येत नाहीं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत सांगली मतदारसंघांत हा झांकलेला प्रश्न उघड्यावर आला, आणि त्यांत जतसारख्या कडेच्या तालुक्याचा भाग लहान नव्हता. त्या हकीकतीचा थोडा मागोवा घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जत हा सांगली जिल्ह्यांतील विस्तारानें सर्वांत मोठा आणि पाण्यानें अत्यंत गरीब असा तालुका. कृष्णाकांठीं ऊस डोलतो. इकडे ज्वारी-बाजरीचीं माळरानें. पूर्वेकडील गांवांत मराठीच्या जोडीनें कानडीहि ऐकूं येते. येथील संस्थानिक डफळे हे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या पाटिलकीवरून त्यांस हें नांव पडलें. विजापूरच्या आदिलशाहीकडून त्यांस जत, करजगी इत्यादि परगण्यांची देशमुखी मिळाली, आणि पुढें राज्यांमागून राज्यें बदललीं तरी जहागीर टिकून राहिली. मार्च १९४८ त दक्षिणेंतील इतर संस्थानांबरोबर जतहि मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९४९ त दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० त त्याचेंच नांव सांगली जिल्हा असें पडलें. राजे विजयसिंहराव डफळे १९६२ त काँग्रेसतर्फें लोकसभेवर निवडून गेले. ज्या घराण्यास विजापूरच्या सनदेनें देशमुखी मिळाली होती, त्यांतील पुरुषास लोकांपुढें जाण्यासाठीं आतां पक्षाचें पत्र लागलें. या दोन कागदांत अंतर पुष्कळ आहे, हें आम्ही जाणतों. पहिल्यास रयतेची संमति लागत नसे, दुसऱ्यास लागते. पण दोन्ही कागद लिहिले जातात ते जतेबाहेर.

हा दुसरा कागद कसा निघतो, तें पाहण्यासारखें आहे. निवडणूक-चिन्हांसंबंधीं १९६८ चा जो आदेश आहे त्याअन्वयें पक्षाचें चिन्ह मिळण्यास दोन नमुने लागतात. लोकांच्या तोंडीं ते ‘ए-बी फॉर्म’ म्हणून बसले आहेत. सही करण्याचा अधिकार कोणाला, हें एकानें कळवावयाचें. उमेदवार कोण, हें दुसऱ्यानें. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं दुपारीं तीनच्या आंत हे कागद अधिकाऱ्याकडे पोंचले कीं काम झालें. तालुक्यानें शिफारस केली होती काय, जिल्ह्यानें काय कळविलें, याची चौकशी तो अधिकारी करीत नाहीं. कायद्यानें त्याला ती करावयाची नाहींच. कार्यकर्त्यांच्या बैठका होतात, निरीक्षक येतात, हार-तुरे होतात. परंतु वर बसलेल्यांस यांतील कांहींहि बंधनकारक नाहीं.

सांगलीपुरतें बोलावयाचें तर पुष्कळ वर्षें हा प्रश्न एका घरांतच सुटत असे. १९६२ पासून २०१४ पर्यंत ही जागा काँग्रेसच्या हातून कधीं गेली नाहीं, आणि १९८० मध्यें वसंतदादा पाटील निवडून आल्यापासून ती त्यांच्या कुटुंबांतच राहिली. वसंतदादांमागून शालिनीताई, मग प्रकाशबापू. १९९६ त व १९९८ त मदन पाटील. १९९९ त पुन्हां प्रकाशबापू. त्यांच्या निधनानंतर २००६ च्या पोटनिवडणुकींत प्रतीक पाटील. खासदार बदलत होते, पण बदल व्हावयाचा तो एका घराण्याच्या शाखांमध्यें. तासगांवच्या भागांतले संजयकाका पाटील २०१४ त राष्ट्रवादी सोडून भारतीय जनता पक्षांत आले आणि त्यांनीं प्रतीक पाटलांचा २,३९,२९२ मतांनीं पाडाव केला, तेव्हां ही परंपरा तुटली. २०१९ त काँग्रेसनें ही जागा स्वाभिमानी पक्षास सोडली. वसंतदादांचे नातू विशाल पाटील यांस त्या पक्षाच्या चिन्हावर उभें राहावें लागलें, वंचित बहुजन आघाडीचे गोपीचंद पडळकर यांनीं तीन लाखांवर मतें घेतलीं, आणि संजयकाका १,६४,३५२ मतांनीं दुसऱ्यांदा विजयी झाले.

येथें थोडें दूर जाऊन अमेरिकेकडे पाहिलें पाहिजे. कारण विद्यमान प्रतिनिधीला त्याच्याच पक्षांतून आव्हान देण्याची रीत तेथें कायद्यानें बांधलेली आहे. विस्कॉन्सिन राज्यांत रॉबर्ट ला फोलेट यांच्या खटपटीनें १९०३ त कायदा होऊन १९०४ त लोकांनीं त्यास मान्यता दिली, तेव्हांपासून पक्षाचा उमेदवार पक्षाच्या पुढाऱ्यांनीं न ठरवितां मतदारांनींच पूर्वनिवडणुकींत ठरवावा, हा प्रघात इतर राज्यांतहि पसरत गेला. १९३८ त अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं आपल्याच पक्षांतील विरोधकांस या मार्गानें उखडण्याचा प्रयत्न केला. जॉर्जियाचे वॉल्टर जॉर्ज, मेरीलंडचे टायडिंग्ज अशा मोठ्या धेंडांविरुद्ध ते स्वतः प्रचारास उतरले, आणि बहुतेक ठिकाणीं हरले! राष्ट्राच्या अध्यक्षाचें पत्र एकीकडे आणि जॉर्जियांतील मतदार दुसरीकडे, अशा झगड्यांत मतदाराचें चाललें. उलट २०१४ त व्हर्जिनियांत एरिक कँटर, म्हणजे प्रतिनिधिगृहांतील बहुमतवाल्या पक्षाचे नेतेच, एका अपरिचित प्राध्यापकाकडून पूर्वनिवडणुकींत पडले. ही पद्धति निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. अशा निवडणुकीस मतदार थोडे येतात, पैसा बेसुमार लागतो, आणि जे येतात ते पुष्कळदां पक्षांतले सर्वांत कडवे असतात. तरी एक गोष्ट तीमुळें साधते : ‘आम्हांला पक्ष हवा, हा माणूस नको’ असें म्हणण्याची जागा मतदारास मिळते.

आपल्याकडे असा प्रयोग अगदींच झाला नाहीं असें नाहीं. २०१४ त काँग्रेसनें देशांतील थोड्या निवडक मतदारसंघांत उमेदवारीसाठीं अंतर्गत मतदान घेतलें. महाराष्ट्रांत वर्धा व लातूर हीं त्यांतलीं होत. मतदानाचा हक्क सामान्य मतदारांस नव्हता. तो पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरताच होता. वर्ध्यास विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे निवडले गेले. दोन्ही ठिकाणच्या उमेदवारांचा पुढें पराभव झाला, आणि पुढच्या लोकसभा निवडणुकींत त्या प्रयोगाची आठवणहि कोणी काढली नाहीं.

आतां २०२४ कडे वळूं. संजयकाकांना तिसऱ्यांदा उमेदवारी द्यावी काय, यावर त्यांच्या पक्षांतच नाराजी होती, आणि ती उघड बोलून दाखविणारांत जतचे विलासराव जगताप हे प्रमुख होते. जगताप २०१४ पासून २०१९ पर्यंत भाजपचे जतचे आमदार. खासदारांच्या पुनः उमेदवारीस त्यांनीं जाहीर विरोध केला. अमेरिकेंत असा मनुष्य एक तर स्वतः पूर्वनिवडणुकींत उतरता किंवा दुसऱ्यास उतरविता, आणि पक्षाच्या मतदारांनीं काय तो निकाल दिला असता. येथें निकाल दिला तो १३ मार्च रोजीं दिल्लीहून निघालेल्या यादीनें. यादींत संजयकाकांचें नांव होतें. जगतापांपुढें दोनच वाटा राहिल्या; मुकाट्यानें काम करावें किंवा पक्ष सोडावा. एप्रिलमध्यें त्यांनीं पक्ष सोडला आणि विशाल पाटलांस पाठिंबा दिला. त्यांच्या मनांत तालुक्याचें हित किती आणि जुना हिशेब किती, याचें वजन आम्ही करीत बसत नाहीं. राजकारणांत हीं दोन्हीं एकाच तागडींत असतात. आमचें लक्ष आहे तें एवढ्याकडेच, कीं पक्षांतल्या आव्हानास पक्षांत उभें राहण्यास जागाच नव्हती.

गंमत अशी कीं पलीकडच्या गोटांतहि नेमकें हेंच चाललें होतें. महाविकास आघाडींतून शिवसेनेच्या ठाकरे पक्षानें दोन वेळचे महाराष्ट्र-केसरी चंद्रहार पाटील यांचें नांव मार्चमध्येंच जाहीर केलें. जिल्ह्यांतील काँग्रेसजन विशाल पाटलांसाठीं दिल्लीपर्यंत खेपा घालीत राहिले. वाटाघाटींत जागा सुटली नाहीं. शेवटीं ते अपक्ष म्हणून लिफाफा या चिन्हावर उभे राहिले. ७ मे रोजीं मतदान झालें. ४ जूनला निकाल लागला. विशाल पाटील ५,७१,६६६, संजयकाका ४,७१,६१३, आणि आघाडीचे अधिकृत उमेदवार चंद्रहार अवघे ६०,८६०. दोन मोठ्या शक्तींनीं दिलेल्या दोन्ही सनदा मतदारांनीं एकाच दिवशीं परत केल्या.

या निकालाचें कौतुक पुष्कळ झालें, आणि तें अस्थानीं नव्हतें. परंतु एका मतानें तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं, हा मतदारावर अन्याय आहे असें आम्हांस वाटतें. भाजपनें संजयकाकांनाच उभें करावयास हवें होतें काय? आघाडीचा खरा उमेदवार कोण? आणि दिल्लीस कोणीं जावें? पहिले दोन प्रश्न अगोदर सुटावयाचे, ते तिसऱ्यांत मिसळले. जत तालुक्यांतील एखादा शेतकरी कमळाचा जुना मतदार असेल आणि खासदार मात्र त्याला नको असेल, तर त्यानें काय करावें? त्यानें एक तर नको तो माणूस पत्करावा, नाहीं तर हवा तो पक्ष सोडावा.

आणि जत येथें हा कांहीं नुसता तत्त्वाचा घोळ नव्हे. तेथें खासदार-आमदारांचें माप लोक पाण्यानें घेतात. म्हैसाळ उपसा योजनेचें पाणी तालुक्याच्या कांहीं भागांत आलें. पूर्वेकडचीं साठांहून अधिक गांवें वाट पाहत राहिलीं. त्यांच्यासाठीं विस्तारित म्हैसाळ योजना आखली गेली. पाण्यासाठीं कर्नाटकांत जाऊं, असे ठराव सीमेवरील गांवांनीं एकेकाळीं केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्यें कर्नाटकाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनीं त्या ठरावांचा उच्चार करतांच मुंबईंत एकदम जाग आली आणि विस्तारित योजनेच्या खर्चाच्या घोषणा झाल्या. ज्या गांवांस स्वतःकडे लक्ष वेधण्यासाठीं राज्य सोडण्याची भाषा करावी लागते, त्यांच्या दृष्टीनें उमेदवार कोणाच्या बैठकींत ठरतो हा प्रश्न शहरी वाचकांस वाटतो त्याहून फार जवळचा आहे.

निकालानंतर विशाल पाटलांनीं काँग्रेसला पाठिंबा दिला; पण त्या पक्षांत ते प्रवेश करूं शकले नाहींत. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानें अपक्ष म्हणून निवडून आलेल्या सभासदानें पक्षांत शिरल्यास त्याचें सभासदत्व जातें. आपल्याच पक्षाच्या अनुयायांचीं मतें घेऊन निवडून यावें आणि सभागृहांत मात्र अपक्ष म्हणून बसावें, अशी ही स्थिति. संजयकाका त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें अजित पवारांच्या राष्ट्रवादींत गेले, विधानसभेस उभे राहिले आणि हरले.

जतेंत नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकींत भाजपनें आटपाडीकडच्या गोपीचंद पडळकरांस उमेदवारी दिली. हेच पडळकर २०१९ त भाजपच्या खासदाराविरुद्ध लोकसभेस उभे होते. तालुक्यांतला माणूस कां नाहीं, म्हणून पक्षाचे तम्मनगौडा रवि पाटील बंड करून अपक्ष उभे राहिले. सहा महिन्यांपूर्वींचाच प्रश्न, तोच तालुका. या खेपेस पक्षाचें पत्र चाललें. पडळकर निवडून आले, आणि काँग्रेसचे विद्यमान आमदार विक्रमसिंह सावंत पडले.