कबड्डीतील शिस्तभंग कारवाई
कबड्डीत गैरवर्तनाबद्दल खेळाडूवर पंचांकडून होणारी नियमबद्ध कारवाई.

उगम : कबड्डीचे महाराष्ट्रातील रूप असलेल्या हुतूतूला नियमांची चौकट लाभल्यावर खेळाचा प्रसार झाला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी कबड्डीची प्रात्यक्षिके सादर केली. व्यावसायिक प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली (पहा : हुतूतू).

वैशिष्ट्ये : हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटांचे निलंबन, तर लाल म्हणजे सामन्यातून बडतर्फी. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबणे, पायांची कात्री घालणे, धोकादायक पकड व पंचांशी हुज्जत हे अपराध मानले जातात.

महत्त्व : पिवळ्या कार्डाच्या काळात संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. याउलट आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये पाच वैयक्तिक चुकांनंतर खेळाडू बाद होतो. मात्र त्याच्या जागी बदली खेळाडू मिळतो (पहा : बास्केटबॉल).