प्रेषित आणि प्रतिनिधी : मॉर्मन परंपरेतील राजनिष्ठेचा प्रश्न

लोकप्रतिनिधीने आपल्या धर्मश्रद्धेस राज्यकारभारात कितपत स्थान द्यावे, हा प्रश्न बहुसंख्यांच्या धर्माविषयी क्वचितच विचारला जातो. तो बहुधा अल्पसंख्य पंथाच्या अनुयायासच विचारला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६० साली जॉन केनेडी ह्या कॅथॉलिक उमेदवारास तो विचारण्यात आला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ आधी हाच प्रश्न एका मॉर्मन सीनेटरास अधिक कठोरपणे आणि अधिक तपशिलाने विचारण्यात आला होता. रीड स्मूट ह्यांच्या विरुद्ध १९०४ पासून १९०७ पर्यंत चाललेली ती चौकशी केवळ एका व्यक्तीची चौकशी नव्हती. जिवंत संदेष्ट्यावर विश्वास ठेवणारा मनुष्य राज्यघटनेची शपथ प्रामाणिकपणे घेऊ शकतो काय, हा तिचा खरा विषय होता. ह्या प्रश्नाला मॉर्मनांनी स्वतः कोणती उत्तरे दिली व ती कालानुसार कशी पालटत गेली, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम ह्या पंथाची मूळ भूमिका पाहणे अवश्य आहे. जोसेफ स्मिथ ह्याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क संस्थानात हे चर्च स्थापन केले. ईश्वरी प्रकटीकरण प्राचीन काळी संपलेले नसून ते आजही चालू आहे आणि चर्चचा अध्यक्ष हा संदेष्टा होय, ही त्याची आधारभूत श्रद्धा. ह्या श्रद्धेतून एक निष्कर्ष सहज निघतो : ईश्वर आज बोलत असेल तर तो राजकारणाविषयीही बोलू शकेल. तथापि त्याच धर्मग्रंथांतून उलट दिशेने जाणारा प्रवाहही तितकाच स्पष्ट दिसतो. ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये मोसाया नावाचा राजा राजपदच रद्द करून लोकमताने निवडलेल्या न्यायाधीशांकडे सत्ता सोपवितो. अमेरिकेची राज्यघटना ईश्वरानेच सुज्ञ पुरुषांकरवी घडवून आणली, असे १८३३ च्या एका प्रकटीकरणात म्हटले आहे. आणि धर्मसत्तेचा प्रभाव नागरी शासनात मिसळणे न्याय्य नव्हे, असे १८३५ च्या निवेदनात नमूद आहे. मनुष्यास ईश्वराने निवडीचे स्वातंत्र्य दिले आहे, हा सिद्धांत तर ह्या पंथाच्या नीतिशास्त्राचा कणाच होय. संदेष्ट्याचा अधिकार आणि व्यक्तीची निवड ह्या दोन तत्त्वांमधील ताण हा म्हणून बाहेरच्यांनी लादलेला नसून पंथाच्या पोटातच जन्मलेला आहे.

आरंभीच्या काळात हा ताण जाणवला नाही, कारण दोन्ही सत्ता एकाच हाती होत्या. इलिनॉय संस्थानातील नॉव्हू नगरात जोसेफ स्मिथ हा संदेष्टाही होता व नगराध्यक्षही होता. १८४४ साली तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला; ईश्वराची सत्ता व लोकांची सत्ता ह्यांचा समास साधणारा एक नवा शब्दही त्याने त्या वर्षी राजकीय भाषेत आणला. त्याच वर्षी २७ जून रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याचा वध केला. पुढे ब्रिगम यंग ह्याच्या नेतृत्वाखाली अनुयायी १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. १८५० साली यूटा प्रांत निर्माण झाला तेव्हा त्याचा राज्यपाल म्हणून खुद्द यंगचीच नेमणूक झाली. धर्माध्यक्ष व राज्यपाल एकच असलेली ही व्यवस्था वॉशिंग्टनला रुचणे शक्य नव्हते. १८५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन ह्यांनी नवा राज्यपाल पाठविला आणि त्याच्याबरोबर सैन्यही पाठविले.

यानंतरचा संघर्ष बहुपत्नीत्वाच्या निमित्ताने लढला गेला. पंथाने ही प्रथा १८५२ मध्ये जाहीर केली होती. १८६२, १८८२ व १८८७ च्या कायद्यांनी तिच्यावर उत्तरोत्तर कठोर निर्बंध आले, व शेवटच्या कायद्याने चर्चचे कायदेशीर अस्तित्व व मालमत्ता ह्यांवरच घाला घातला. १८७९ च्या रेनल्ड्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धा आणि आचरण ह्यांत भेद केला : कायदा श्रद्धेत हात घालू शकत नाही, परंतु आचरणास आवरू शकतो. हे समजाविताना न्यायालयाने पतीच्या चितेवर जाळून घेणे आपले धर्मकर्तव्य मानणाऱ्या पत्नीचे उदाहरण घेतले, ही गोष्ट भारतीय वाचकास लक्षणीय वाटेल. १८९० च्या डेव्हिस विरुद्ध बीसन ह्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. बहुपत्नीत्व शिकविणाऱ्या संघटनेचा आपण सभासद नाही, अशी शपथ घेतल्याखेरीज आयडाहो प्रांतात मतदान करता येत नसे. न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. आता अपराध आचरणाचा राहिला नाही, सभासदत्वाचा झाला. ह्याच निकालातील धर्माच्या व्याख्येचा परामर्श भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात घेतला, आणि ती व्याख्या आपल्या घटनाकारांच्या मनात असावी काय, ह्याविषयी शंका व्यक्त केली.

१८९० मध्ये चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ ह्यांनी जाहीरनामा काढून नवे बहुपत्नीक विवाह थांबविण्याचा सल्ला दिला. १८९१ मध्ये मॉर्मनांचा स्वतंत्र राजकीय पक्ष विसर्जित झाला व अनुयायी दोन्ही राष्ट्रीय पक्षांत विभागले गेले. ४ जानेवारी १८९६ रोजी यूटास संस्थानाचा दर्जा मिळाला. मात्र त्याच वर्षी चर्चने एक नवा नियम केला. वरिष्ठ धर्माधिकाऱ्याने राजकीय पद स्वीकारण्यापूर्वी चर्चची संमती घ्यावी, असा तो नियम होता. हा नियम म्हणजे केवळ धर्मकार्यातून मिळावयाची रजा आहे, असे नेतृत्वाचे म्हणणे. तो नागरिकाच्या हक्कावरील बंधन आहे, असे मोझेस थॅचर ह्या प्रेषिताचे म्हणणे. थॅचर ह्यांनी सही नाकारली, प्रेषितपद गमावले, आणि पुढच्या वर्षी सीनेटच्या निवडणुकीतही ते पराभूत झाले. मॉर्मन राजकारण्याच्या स्वातंत्र्याचा वाद वॉशिंग्टनमध्ये पोहोचण्यापूर्वी सॉल्ट लेकमध्येच पेटला होता, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

सही करून संमती मिळविणाऱ्यांचाही मार्ग निर्वेध नव्हता. बी. एच. रॉबर्ट्स हे १८९८ मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आले. परंतु ते बहुपत्नीक असल्यामुळे १९०० च्या जानेवारीत २६८ विरुद्ध ५० मतांनी त्यांना आसन नाकारण्यात आले. रीड स्मूट ह्यांची गोष्ट निराळी होती. ते एकपत्नीक होते, यशस्वी व्यापारी होते, आणि रिपब्लिकन पक्षाचे निष्ठावंत होते. १९०० पासून मात्र ते बारा प्रेषितांपैकी एक होते. १९०३ च्या जानेवारीत यूटाच्या विधिमंडळाने त्यांना सीनेटवर निवडले तेव्हा त्यांच्या वैयक्तिक आचरणावर ठेवण्याजोगा दोष सापडेना. म्हणून आक्षेप आला तो त्यांच्या पदावर. जो मनुष्य स्वतः संदेष्टा व द्रष्टा म्हणून मान्यता पावलेल्या मंडळाचा घटक आहे, त्याचे मत त्याचे स्वतःचे कसे असेल, असा आक्षेपकांचा सवाल होता.

१९०४ च्या मार्चमध्ये चर्चचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ हे समितीपुढे साक्षीस उभे राहिले. १८९० नंतरही आपण आपल्या पाच पत्नींसह संसार करीत असून त्या काळात आपणांस अकरा अपत्ये झाली, हे त्यांनी मान्य केले. देशास धक्का बसला तो ह्या कबुलीने. त्यांच्या अनुयायांस मात्र दुसऱ्याच एका विधानाने धक्का बसला. मॉर्मन धर्म सत्य आहे एवढे ईश्वराने आपणांस दाखविले. त्यापलीकडे प्रकटीकरण मिळाल्याचा दावा आपण कधी केला नाही, असे ते म्हणाले. शिवाय कोणतेही प्रकटीकरण सभासदांनी स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही, असेही त्यांनी सांगितले. चर्चच्या परिषदांत सभासद उजवा हात वर करून नेत्यांस अनुमोदन देतात. तो हात आज्ञाधारकतेचा की संमतीचा, हा अर्थनिर्णय आता सीनेटच्या कचेरीत होऊ लागला. ज्या शब्दाला मंदिरात भक्तीचा अर्थ होता, त्याला समितीपुढे लोकशाहीचा अर्थ देणे भाग पडले. ह्यास निव्वळ डावपेच म्हणता येणार नाही, कारण दोन्ही अर्थ त्या शब्दात प्रारंभापासून होते. परंतु त्यांतील एकाची निवड बाहेरच्या दडपणाखाली झाली, हेही नाकारता येत नाही.

ह्या निवडीची किंमत चर्चला चुकवावी लागली. १९०४ च्या एप्रिलमध्ये दुसरा जाहीरनामा निघाला व नवे बहुपत्नीक विवाह लावणाऱ्यांस बहिष्काराची ताकीद मिळाली. जॉन डब्ल्यू. टेलर व मथायस काउली ह्या दोन प्रेषितांस राजीनामे द्यावे लागले, आणि टेलर ह्यांस १९११ मध्ये चर्चमधून काढून टाकण्यात आले. एका प्रेषिताचे आसन टिकावे म्हणून दुसऱ्या दोघांनी आपली आसने सोडली, असेच अनेकांस वाटले असल्यास नवल नाही. स्मूट ह्यांनी १९०५ च्या जानेवारीत स्वतः साक्ष दिली. ईश्वरी आज्ञा व देशाचा कायदा ह्यांत विरोध आल्यास काय करणार, ह्या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे होते की, तशी वेळ आल्यास आपण दुसऱ्या देशात जाऊन राहू, येथे राहून कायदा मोडणार नाही. हे उत्तर बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्यात श्रद्धेचे श्रेष्ठत्व नाकारलेले नाही. नाकारला आहे तो श्रद्धेच्या नावाने राज्याला वाकविण्याचा हक्क. समितीचा कौल विरुद्ध गेला. परंतु २० फेब्रुवारी १९०७ रोजी सीनेटने २८ विरुद्ध ४२ मतांनी स्मूट ह्यांचे आसन कायम राखले.

पुढील सुमारे तीस वर्षांनी आक्षेपकांची भीती बव्हंशी निराधार ठरविली. १९१९ मध्ये चर्चचे अध्यक्ष हेबर जे. ग्रांट राष्ट्रसंघाच्या बाजूने होते, तर प्रेषित स्मूट कठोर अटींचा आग्रह धरणाऱ्यांत होते. एकाच धर्मग्रंथाचे दाखले दोन्ही बाजूंनी देण्यात आले. १९३३ मध्ये ग्रांट ह्यांची इच्छा डावलून यूटाच्या मतदारांनी दारूबंदी रद्द करण्याचा कौल दिला, आणि ती घटनादुरुस्ती पुरी करणारे छत्तिसावे संस्थान यूटाच ठरले. १९३६ मध्ये चर्चच्या वृत्तपत्राने फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांना विरोध केला असतानाही यूटाने त्यांना प्रचंड बहुमत दिले. संदेष्ट्यास मानणारे लोक त्याच्या राजकीय सल्ल्यास मानतातच असे नाही, हे ह्यावरून सिद्ध होते.

परंतु ह्या इतिहासाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रेषित एझ्रा टॅफ्ट बेन्सन हे १९५३ ते १९६१ ह्या काळात कृषिमंत्री होते, आणि पुढे त्यांच्या उजव्या राजकीय मतांना धर्मवाणीचे वजन प्राप्त झाल्यामुळे सहकारी प्रेषितांतच मतभेद माजले. १९६४ मध्ये मिशिगनचे राज्यपाल जॉर्ज रॉम्नी ह्यांस एका प्रेषिताने खाजगी पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांना त्यांनी दिलेल्या पाठिंब्याविषयी नापसंती कळविली. रॉम्नी ह्यांनी आपली भूमिका सोडली नाही. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य मात्र १९७८ मध्ये खुले झाले. स्त्रीपुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीस चर्चने विरोध केला तेव्हा तिचा प्रचार करणाऱ्या सोनिया जॉन्सन ह्यांस १९७९ मध्ये बहिष्कृत करण्यात आले. चर्चची घोषित भूमिका पक्षीय तटस्थतेची आहे. लोकप्रतिनिधीने आपला निर्णय स्वतः घ्यावा, असे ते सांगते. तथापि नैतिक प्रश्नांवर बोलण्याचा हक्क ते राखून ठेवते, आणि कोणता प्रश्न नैतिक व कोणता राजकीय हे ठरविणारेही तेच असते. स्वातंत्र्याची मर्यादा ह्या वर्गीकरणात लपलेली आहे.

मिट रॉम्नी ह्यांनी ६ डिसेंबर २००७ रोजी टेक्सासमध्ये केलेल्या भाषणात कोणत्याही चर्चचे अधिकारी आपल्या निर्णयांवर प्रभाव टाकणार नाहीत, अशी ग्वाही दिली. स्वतःच्या श्रद्धेचा त्याग करण्यास त्यांनी नकार दिला खरा, परंतु त्या संपूर्ण भाषणात ‘मॉर्मन’ हा शब्द एकदाच आला. पुढे ५ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षास दोषी ठरविणारे मत देताना त्याच रॉम्नी ह्यांनी ईश्वरासमक्ष घेतलेल्या शपथेचा व आपल्या श्रद्धेचा उघड उल्लेख केला. यूटाचेच दुसरे सीनेटर माइक ली हेही मॉर्मन. त्यांनी निर्दोषत्वाचे मत दिले. आक्षेपकांना स्मूट ह्यांच्या बाबतीत भीती होती ती संदेष्ट्याच्या आज्ञेने एकसाथ वर होणाऱ्या हातांची. शतकानंतर एकाच संस्थानातील, एकाच पंथातील दोन हात परस्परविरुद्ध दिशांना वर झाले.

ह्या प्रदीर्घ वादाचे फलित एका वाक्यात सांगावयाचे तर, मॉर्मन परंपरेने राजकारण्याच्या श्रद्धेचे स्थान संस्थेकडून व्यक्तीकडे, आज्ञेकडून शपथेकडे हलविले. हे स्थलांतर पूर्ण झालेले नाही, व जिवंत संदेष्ट्यावरील विश्वास कायम आहे तोवर ते पूर्ण होणेही संभवत नाही. परंतु त्यामुळे राज्यापुढचा प्रश्न बदलला आहे. लोकप्रतिनिधीची श्रद्धा कोणती, हे विचारण्याचा अधिकार राज्यास नाही. शपथेचा भंग झाला काय, एवढेच त्याने विचारावे. १८९० च्या न्यायालयास हा भेद दिसला नाही. १९०७ च्या सीनेटने, काहीशा अनिच्छेने का होईना, तो मान्य केला.