पन्हाळ्याचा अंबरखाना

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें २० किलोमीटरवर असलेल्या पन्हाळगडावर जाणारा प्रवासी बहुधा एकाच रात्रीची आठवण मनांत घेऊन जातो. १६६० च्या जुलैंतील ती पावसाळी रात्र, शिवछत्रपतींचें विशाळगडाकडे प्रयाण, बाजीप्रभूंचें आत्मार्पण! ही कथा मराठी मनाला कधीं जुनी व्हावयाची नाहीं. परंतु त्यापूर्वीं चार महिने सिद्दी जौहराच्या वेढ्यांत हा गड कशाच्या बळावर तगला, हें सांगणाऱ्या वास्तूंपाशीं तो क्षणभरच थांबतो.

बाराव्या शतकाच्या अखेरीस येथें शिलाहार राजा दुसरा भोज याची राजधानी होती. पुढें यादव, बहामनी व आदिलशाही अंमल झाले. आज दिसणारें बांधकाम बव्हंशीं आदिलशाही अमदानींतील आहे. त्यांत अंबरखान्याइतकी बोलकी वास्तु दुसरी नाहीं. गंगा, यमुना व सरस्वती या नांवांचीं तीन धान्यकोठारें; पैकीं गंगा सर्वांत मोठी, तींत २५,००० खंडी धान्य मावे असें सांगतात. पायऱ्यांनीं छतावर चढावें व तेथील चौकोनी भोंकांतून धान्य खालीं ओतावें, अशी योजना. अन्नाची जशी तजवीज, तशीच पाण्याचीहि. तीन दरवाजाजवळची अंधारबाव बाहेरून इमारतच वाटते. तळाशीं विहीर, वर पहाऱ्याचे मजले आणि तटाबाहेर निसटण्याची चोरवाट. शत्रूनें पाण्यांत विष कालवूं नये म्हणून बांधणाऱ्यानें विहिरीचाच किल्ला केला!

अशा गडावर जौहराची मात्रा चालेना. राजापूरच्या वखारीचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीस आले, तरी गड पडला नाहीं. महाराज निसटून गेल्यावरहि तो लढत होता; अखेर तहानें द्यावा लागला आणि १६७३ मध्यें कोंडाजी फर्जंदानें अवघ्या ६० गड्यांनिशीं परत घेतला.

तट फुटला तो पुढें १८४४ सालीं. करवीरचा कारभार इंग्रजांच्या तंत्रानें चालूं लागला, गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनी मामलेदारांच्या ताब्यांत गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारे ते शिपाई उठले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स यास त्यांनीं पन्हाळ्यावर कैदेंत ठेवलें. १ डिसेंबर रोजीं इंग्रजी फौजेनें तटाला खिंडार पाडून गड घेतला, आणि मग तटबंदीचा बराच भाग मुद्दाम पाडून टाकला. चार दरवाजा नांवाचें भव्य प्रवेशद्वार त्यांतच गेलें. आज मोटार त्याच जागेवरून गडावर येते, आणि आंत बसलेल्यास त्याचा पत्ताहि नसतो.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मानलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे. पण हा ओसाड किल्ला नव्हे. तटाच्या आंत नांदतें गांव आहे, नगरपरिषद आहे. दगडांची निगा राखतांना त्या घरांना विसरून चालावयाचें नाहीं. गडकऱ्यांना दुखवून गड राखतां येत नाहीं, हें १८४४ सालानें एकदां दाखविलें आहे.

पाऊस ओसरतांना गडावर यावें. सोमेश्वर तलाव तेव्हां भरलेला असतो, आणि पश्चिमेस मसाईचें पठार रानफुलांनीं झांकलेलें असतें. त्या रात्रीची वाट त्याच पठारावरून गेली होती.