वाक्य कोठे संपते?

नांदेड-लातूरकडील मुलांच्या इंग्रजीच्या वहीत एक चूक हटकून भेटते. ‘इट वॉज रेनिंग, वी स्टेड ॲट होम.’ पाऊस पडत होता, आम्ही घरीच राहिलो. मराठी कानाला यात काहीच खटकत नाही. इंग्रजीच्या दृष्टीने मात्र ही दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली आहेत, म्हणून ती सदोष. मुलगा निष्काळजी ठरतो आणि गुण जातात. हा न्याय मला पटत नाही. या चुकीची मुळे शाळेच्या वहीपेक्षा पुष्कळ जुनी आहेत.

मोडीतील एखादे जुने पत्र पाहावे. आधी आडवी रेघ ओढावयाची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जावयाचे. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हांचे तर नावच नको! तरीही वाचणारा कारकून अडत नसे. ‘फौज घेऊन नदी उतरून गावाबाहेर तळ देऊन राहिले’ अशा धर्तीच्या वाक्यात ‘राहिले’ कानी पडताच वाक्य पुरे झाले हे कळते. मराठीचे क्रियापद बहुधा शेवटी येते. तेच तिचा पूर्णविराम. मधल्या ‘-ऊन’च्या कड्या कितीही वाढल्या तरी वाक्य एकच राहते.

पोथ्यांत दंड होता, पण तो मुख्यतः श्लोकाचा. स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी इंग्रजीकडून आली. ती मराठीत रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. खुद्द युरोपातही अर्धविराम तसा अलीकडचाच. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मानुशियस याने तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस छापला. म्हणजे ज्या चिन्हांपायी आमच्या मुलाचे गुण जातात, ती त्याच्या भाषेत पाहुणी म्हणून आलेली आहेत.

त्यात मराठवाड्याची गोष्ट आणखी निराळी. कँडी यांचे काम चालले ते पुण्या-मुंबईकडे. नांदेड आणि लातूर (लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्याचा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला) १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १८८०च्या दशकात तेथे फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. उर्दूचे क्रियापदही शेवटी, आणि तिची ‘जाकर’, ‘देखकर’ ही रूपे आमच्या ‘जाऊन’, ‘पाहून’ची बहिणी. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी. त्यांचीही तीच तऱ्हा. घरी, बाजारात, कचेरीत कानावर पडणाऱ्या चारही भाषा वाक्याचा शेवट ऐकवणाऱ्या. इंग्रजी क्रियापद मध्येच येते आणि त्यामागून शब्द येतच राहतात. तेथे शेवट डोळ्यांना दाखवावा लागतो.

हे ध्यानी आले की चूक ओळखणे कठीण नाही. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना कर्ता आणि काळ दाखविणारे क्रियापद आहे काय? दोन्ही तुकडे एकटे उभे राहतात काय? राहत असतील तर तेथे पूर्णविराम द्यावा, नाही तर अर्धविराम. स्वल्पविराम ठेवावयाचाच असेल तर त्यापुढे ‘अँड’ किंवा ‘सो’ हवा. पण दोहोंत कार्यकारणसंबंध असेल तर आरंभी ‘बिकॉज’ किंवा ‘सिन्स’ घालून एका तुकड्याला दुसऱ्याच्या आश्रयाला ठेवणे मला अधिक रुचते. ‘पाऊस पडत असल्यामुळे’ असे आपण बोलतोच की!

खरा फसवा शब्द ‘देअरफोर’. ‘सो’ म्हणजे ‘म्हणून’ आणि ‘देअरफोर’ म्हणजेही ‘म्हणून’, असे मुलगा घोकतो आणि दोहोंना सारखेच वागवितो. इंग्रजीत ‘सो’ वाक्ये जोडतो. ‘देअरफोर’ला तो अधिकार नाही. त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतोच. ‘हाउएव्हर’चेही तसेच.

आणि लांबीला उगाच भिऊ नये. पन्नास शब्दांचे वाक्य निर्दोष असू शकते. वर दिलेले पावसाचे वाक्य अवघ्या सात शब्दांचे आहे.