वेग घ्या, नंबर द्या

एप्रिल लागला की पार्सिपनीत गराजमधल्या मोटरसायकली बाहेर येतात. गेल्या एप्रिलमध्ये माझ्या मावसभावानेही रूट ४६ जवळच्या त्याच्या अपार्टमेंटखाली एक वापरलेली रॉयल एनफिल्ड आणून उभी केली. हार घालून झाला, फोटो पुण्याला पाठवून झाले आणि मग त्याची नजर मागच्या प्लेटवर गेली. "ताई, एवढ्या देखण्या गाडीला हा पत्रा! याहून छोटी प्लेट नाही का मिळत?"

नाही मिळत. न्यू जर्सीत प्लेट राज्यच देतं, आणि मोटरसायकलची प्लेट मुळातच साधारण ७ बाय ४ इंच असते, म्हणजे कारच्या १२ बाय ६ च्या निम्म्याहून कमी. ती मागे एकच लावायची, पण आडवी, आणि जमिनीपासून १२ ते ४८ इंचांच्या दरम्यान. विषय इथेच संपायला हवा होता. पण त्याचा पुढचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला: "गाडी माझी, पैसे माझे, मग मागे सरकारचा बोर्ड कशाला?"

हा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना आहे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली हुकूम काढला की गाडीवर मालकाचं नाव, पत्ता आणि नंबर असलेली पाटी हवी. ब्रिटनमध्ये ही वेळ १९०३ च्या मोटर कार अॅक्टने आली. तिथल्या श्रीमंत मोटारवाल्यांना ही कल्पना अजिबात रुचली नाही. नंबर असायचे ते भाड्याच्या घोडागाड्यांवर. आपण काय टांगेवाले आहोत? त्या काळी मोटार ही मोजक्या लोकांची चैन होती. धूळ खायची, घोडे बुजायचे आणि जीव जायचे ते मात्र पायी चालणाऱ्यांचे. धडक देऊन गाडी निघून गेली तर कोणाची होती हे सांगणार कसं?

त्या कायद्याने मग एक सौदा केला. तो असा शब्दांत कुठे लिहिलेला नाही, पण कलमं शेजारी-शेजारी ठेवली की दिसतो. वेगमर्यादा ताशी १४ मैलांवरून २० मैलांवर नेली आणि त्याच कायद्याने नोंदणी आणि नंबर सक्तीचे केले. वेग घ्या, नंबर द्या. १ जानेवारी १९०४ पासून अंमल सुरू झाला आणि गंमत म्हणजे नंबरला नाकं मुरडणाऱ्या त्याच वर्गात चांगल्या नंबरासाठी चढाओढ लागली. लंडनचा 'ए १' मिळवला अर्ल रसेल यांनी, म्हणजे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्या थोरल्या भावाने.

या सौद्यात मालकासाठीही एक सवलत होती, ती आपण विसरतो. पॅरिसच्या पाटीवर नाव-पत्ता होता, ब्रिटिश पाटीवर फक्त नंबर. नाव दफ्तरात राहिलं. रस्त्यावरच्या परक्या माणसाला तुम्ही कोण हे कळत नाही, पण गरज पडली तर शोधता येतं.

भारतात १९१४ चा मोटर व्हेइकल्स अॅक्ट आला, मग १९३९ चा, मग १९८८ चा. पण प्लेट बनवण्याचं काम बराच काळ मालकाकडेच होतं. सरकार नंबर द्यायचं, तो रंगवून घ्यायचा तुम्ही. अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. न्यू यॉर्कने १९०१ मध्ये गाडीवर मालकाची आद्याक्षरं लावायला सांगितली, तर लोकांनी चामड्यावर धातूची अक्षरं ठोकून घेतली. न्यू जर्सीत १९०३ नंतर काही वर्षं स्वतःच बनवलेल्या प्लेटी चालल्या. १९०८ पासून राज्य स्वतः प्लेट देऊ लागलं आणि छोटी-मोठी करण्याचा प्रश्नच मिटला.

आपल्याकडे तो मिटला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दुचाकीच्या प्लेटचं माप २०० बाय १०० मिलिमीटर आहे. मागची अक्षरं ३५ मिलिमीटर उंच, आकडे ४०, आणि पुढची अक्षरं-आकडे ३०. सत्तर सीसीच्या आतल्या गाडीला पुढे फक्त १५ मिलिमीटर चालतात. म्हणजे पुण्याच्या लुनाला कायद्यानेच छोटे आकडे दिले होते! मला यात तोच जुना सौदा दिसतो: वेग कमी, तर आकडेही लहान.

पण हे माप कागदावर. प्रत्यक्षात नंबर लिहायचा पेंटर किंवा रेडियमवाला, आणि त्याला सांगायचा गाडीचा मालक. अक्षरं इंग्रजी आणि आकडेही इंग्रजी पद्धतीचेच हवेत असा नियम असूनही ४१४१ चं 'दादा' झालं, २१४ चं 'राम' झालं आणि ८०५५ चं 'बॉस' झालं. परदेशात आपण याचे फोटो हौसेने फॉरवर्ड करतो. मीही केलेत. लिपीशी असा खेळ फक्त आपल्यालाच सुचू शकतो.

मग २०११ मध्ये माझ्या आत्याला सिंहगड रोडवर एका मोटरसायकलने उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही. आत्याला पडल्या पडल्या नंबर दिसला होता, आणि तिने तो सांगितलाही: "दादा." बस्स, तेवढंच. पाटीवर 'दादा' भलं मोठं होतं. एमएच, जिल्ह्याचा आकडा आणि मालिकेची अक्षरं वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढी होती. आता प्रत्येक मालिकेत एक ४१४१ असतो. एकट्या पुण्याच्या एमएच १२ मध्ये असे किती, हिशोब करा. गाडी सापडली नाही. आत्या आजही काठी घेऊन चालते आणि कोणी 'दादा' अशी हाक मारली की हसून म्हणते, "कुठला? मालिका सांग."

म्हणून 'छोटी प्लेट' हा मला निव्वळ सौंदर्याचा मामला वाटत नाही. प्लेट गाडीच्या मालकासाठी नसतेच. ती रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी असते, आणि तिचं माप त्याच्या नजरेवरून ठरतं. प्लेट लहान करणं म्हणजे वेग ठेवून घेणं आणि नंबर परत मागणं.

भारताने शेवटी न्यू जर्सीच्या १९०८ च्या वाटेवर पाऊल टाकलं. हाय सिक्युरिटी प्लेटचे नियम २००१ मध्ये आले आणि १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांसाठीची मुदत २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. नव्या प्लेटवर ठशीव आकडे, अशोकचक्राचा होलोग्राम आणि न निघणारं लॉक. पेंटरचं काम संपलं, 'दादा'ही संपला.

यावर मावसभाऊ म्हणाला, "पण आता नंबर वाचतं कोण? कॅमेरे आणि पोलीस." हा आक्षेप खरा आहे. न्यू जर्सीतच प्लेटच्या फ्रेमने 'गार्डन स्टेट' हे शब्द झाकले म्हणून पोलीस गाड्या थांबवायचे, आणि मग झडती. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अक्षरं वाचता येत असतील तर थोडा भाग झाकला गेला म्हणून गाडी थांबवता येणार नाही. शब्द पूर्ण झाकले असतील तर मात्र थांबवता येईल. मला हा निकाल समतोल वाटतो. सौदा दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो: चालवणाऱ्याने नंबर वाचता येईल असा ठेवायचा आणि सरकारने त्या पाटीचं निमित्त करून माणसाला छळायचं नाही. नंबर कोण वाचतो, किती दिवस साठवून ठेवतो, हे विचारायलाच हवं. पण ते विचारायचं कायदेमंडळात आणि कोर्टात. प्लेट वाकवून उत्तर मिळत नाही. फक्त पुढची आत्या सापडते.

मावसभावाने मागचं लांब मडगार्ड काढून आखूड बसवलं. गाडी खरंच छान दिसते आता. प्लेट आहे तिथेच आहे, आडवी, आणि तिच्यावर त्याने स्वतःच्या पैशाने एक छोटा पांढरा दिवा लावलाय. पुण्याला पाठवलेल्या नव्या फोटोवर आत्याचा रिप्लाय आला: "नंबर वाचता आला. छान."