टॅरेंटुलाच्या पिलांचे संगोपन

टॅरेंटुला म्हणजे थेराफोसिडी कुळातील दणकट, केसाळ कोळी. या कुळातील एक हजाराहून अधिक जाती आज ज्ञात आहेत. गंमत अशी, की हे नाव मुळात इटलीतील तारांतो शहराच्या परिसरात आढळणाऱ्या एका वेगळ्याच, 'वुल्फ स्पायडर' गटातील कोळ्याचे. युरोपीय प्रवाशांनी अमेरिका खंडातील महाकाय कोळी पाहिले, तेव्हा त्यांनाही तेच नाव दिले आणि ते रूढ झाले. अमेरिकेत व युरोपात हे कोळी पाळण्याचा छंद अनेक दशकांपासून रुजलेला आहे. नवशिक्यांच्या पसंतीत मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील 'रेड-नी' अर्थात तांबड्या गुडघ्यांचा ब्राकिपेल्मा हामोरी अग्रभागी असतो. हा कोळी दीर्घकाळ ब्राकिपेल्मा स्मिथी या नावानेच ओळखला जात असे. या दोन जातींमधील गोंधळ २०१७ मधील संशोधनाने दूर केला.

मादीच्या एका अंडकोषातून शेकडो पिले बाहेर पडतात. विक्रीस येणाऱ्या पिलाच्या पायांचा विस्तार जेमतेम एक सेंटीमीटर असतो. हेच पिलू मादी निघाल्यास पंचवीस वर्षे, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ जगू शकते. नराचे आयुष्य त्यामानाने पुष्कळच कमी असते. पिलाचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही. तेव्हा पिलू घेणाऱ्याने दीर्घ पल्ल्याची जबाबदारी गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

निवास

पिलाला मोठी काचपेटी देणे ही नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक होय. विस्तीर्ण जागेत त्याला भक्ष्य सापडत नाही आणि पाळणाऱ्याला पिलू सापडत नाही. त्याऐवजी बारीक छिद्रे पाडलेली, घट्ट झाकणाची पारदर्शक प्लास्टिकची लहान डबी पुरते. छिद्र पिलाच्या शिरोवक्षाहून लहान असावे, कारण तेवढ्या फटीतून ते सहज निसटते. डबीत कोकोपीटचा किंवा कीटकनाशकविरहित मातीचा चार-पाच सेंटीमीटर जाड थर द्यावा. ही पिले बीळ करून राहतात. सालीचा एखादा तुकडा आडोशासाठी ठेवला, की त्याखाली ती स्वतःच खणू लागतात.

ओलावा हा संगोपनातील सर्वांत नाजूक भाग. प्रौढ रेड-नी कोरडी हवा सहन करतो. पिलाच्या त्वचेवरील मेणचट आवरण मात्र पुरते तयार झालेले नसल्याने त्याच्या शरीरातील पाणी लवकर उडून जाते. यासाठी मातीचा एक भाग ओलसर व उरलेला कोरडा ठेवावा, म्हणजे पिलू आपली जागा स्वतः निवडते. संपूर्ण माती भिजवल्यास बुरशी व माइट यांचा उपद्रव होतो. आठवड्यातून एक-दोनदा डबीच्या भिंतीवर पाण्याचे थेंब सोडावेत. तापमान साधारण २२ ते २८ अंश सेल्सिअस असले, की पुरे. दिव्याच्या उष्णतेने डबी कोरडी पडते, म्हणून तो टाळावा.

आहार

भक्ष्य पिलाच्या उदराहून मोठे नसावे, हा सोपा नियम. न उडणाऱ्या फळमाश्या, नुकतीच जन्मलेली रातकिड्यांची पिले किंवा ताज्या मारलेल्या रातकिड्याची तंगडी असे अन्न आठवड्यातून दोनदा द्यावे. पिले मृत भक्ष्यही खातात, त्यामुळे अतिलहान पिलांसाठी ही पद्धत अधिक सुरक्षित ठरते. न खाल्लेले अन्न चोवीस तासांत चिमट्याने काढून टाकावे. घराच्या आवारात पकडलेले कीटक देऊ नयेत, त्यांच्यात कीटकनाशकांचा अंश असू शकतो. त्याच कारणाने डबीच्या खोलीत डासांची अगरबत्ती, द्रवरूप वाफारा वा फवारा वापरू नये. त्यांतील पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये कोळ्यांनाही घातक असतात.

कात टाकणे

कोळ्याची वाढ कात टाकूनच होते. लहान पिले दर एक-दोन महिन्यांनी, तर मोठे कोळी वर्षातून एकदा किंवा त्याहूनही विरळ कात टाकतात. त्याआधी पिलू खाणे सोडते, बिळाचे तोंड बंद करते आणि उदर फुगून काळपट, तुकतुकीत दिसू लागते. हा आजार नव्हे, म्हणून बीळ उकरून पाहू नये. कात टाकताना पिलू पाठीवर उताणे पडते. ते मेले असे समजून त्याला उलटवल्यास किंवा हलवल्यास मात्र खरोखरच प्राणावर बेतते.

खरा धोका ओळखण्याची खूण वेगळी आहे. कोळ्याच्या पायांतील मुख्य सांधे ताठ करणारे स्नायू नसतात. शरीरातील द्रवाच्या दाबाने ते पाय लांबवतात. पाणी कमी पडले, की तो दाब घटतो व पाय पोटाखाली मुडपतात. अशा वेळी पिलू उताणे नसून सुलटे असते. त्याला तातडीने तोंडाजवळ पाणी मिळायला हवे. कात टाकल्यावर सुळे पांढरे व मऊ असतात. ते काळे होईपर्यंत, साधारण आठवडाभर, अन्न देऊ नये. जिवंत भक्ष्य तर या काळात पिलालाच इजा करू शकते.

हाताळणी आणि कायदा

टॅरेंटुला हातावर खेळवण्याचा प्राणी नव्हे. थोड्या उंचीवरून पडला तरी त्याचे उदर फुटू शकते. रेड-नीचा दंश माणसाला सहसा धोकादायक नसतो, पण तो उदरावरील खाजरे केस झटकतो. ते डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. स्वच्छता करताना लांब चिमटा व ब्रश वापरावा आणि नंतर हात धुवावेत.

ब्राकिपेल्मा प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे नियंत्रण आहे. रानातून अतोनात पकड झाल्यानेच ही वेळ आली. भारतात वन्यजीव (संरक्षण) कायद्याची २०२२ मधील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून, सायटीसच्या परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. हा प्रश्न आपल्या अंगणाशीही निगडित आहे. सह्याद्रीतील झाडांच्या ढोलीत राहणारे पोसिलोथेरिया प्रजातीचे कोळी परदेशी छंदिष्टांना हवे असतात. याच प्रजातीतील, आंध्र प्रदेशातील गुत्तीच्या नावाने ओळखला जाणारा निळा कोळी अतिसंकटग्रस्त ठरला आहे. २०१९ मध्ये ही संपूर्ण प्रजाती सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात दाखल झाली.

म्हणून पिलू घेताना ते बंदिस्त पैदाशीतील आहे आणि त्याची कागदपत्रे पूर्ण आहेत याची खात्री करावी. रानातील कोळी रानातच राहू द्यावेत. पाळलेला कोळी नकोसा झाला, तरी त्याला बाहेर सोडू नये. परक्या भूमीवर तो एकतर मरेल, अथवा तेथील जिवांवर संकट आणील. ही सारी पथ्ये पाळण्याची तयारी असेल, तरच या छंदाच्या वाटेला जावे.